रॉबर्टकाकांचं रक्त कोण घट्ट करतंय?

१. एक पूर्णांक सहा

रॉबर्टकाकांच्या रक्ताचा आकडा एक पूर्णांक सहा आला, तेव्हा त्यांनी पहिला संशय घेतला तो हेमांगीच्या सुईवर.

"सुई बदल," काका म्हणाले. "नाहीतर मशीन बदल. मी छत्तीस वर्षं सातिवलीच्या कारखान्यात व्हॉल्व्ह बनवले, पोरी. माप चुकलं की आधी गेज तपासायचा, मग माल."

"गेज दोनदा तपासला, काका. मालच बिघडलाय."

हेमांगी एका लहानशा लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त गोळा करायची. स्कूटरच्या डिकीत सुया, बर्फाचा डबा आणि एक लांबट वही. वहीत मधोमध उभी रेघ. रेघेच्या उजवीकडे रक्ताचा आकडा आणि डावीकडे त्या घरात त्या दिवशी जे दिसलं ते. उजवी बाजू लॅबची, डावी तिची स्वतःची. कोणाची सासू कोणाशी बोलत नाही, कोण साखर नाही म्हणतो आणि कोणाच्या मिशीला पेढा लागलेला असतो, सांडोर ते निर्मळपर्यंतचा सगळा हिशोब त्या डाव्या बाजूला नीट मांडलेला होता. माणसं रक्त देताना दुसरीकडे बघतात. हेमांगी त्या वेळी घर बघून घ्यायची.

रॉबर्टकाकांच्या छातीत चार वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली होती. आयुष्यभर व्हॉल्व्ह बनवणाऱ्याच्या काळजात दुसऱ्याच कंपनीचा व्हॉल्व्ह बसावा, याचं त्यांना अजून वाईट वाटायचं. शांत दुपारी तो टिकटिक वाजे आणि पाहुणे भिंतीवरचं घड्याळ शोधत. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची गोळी. रक्त गोठायला किती आळस करतं त्याचा आकडा म्हणजे आयएनआर. काकांचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. चार वर्षं तो शहाण्या मुलासारखा दोन-आठ, दोन-नऊवर बसून होता. जानेवारीपासून घसरला.

"डॉक्टर काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

"सोमवारपासून गोळीचा डोस वाढवणार. एवढ्या घट्ट रक्तात गुठळी कधीही धरेल, आणि ती मेंदूत गेली तर..." हेमांगीने वाक्य तिथेच ठेवलं.

रोझलिनकाकू पेजेची वाटी घेऊन आल्या. कनवटीची अंगठ्याएवढी बाटली काढून, ओठांत काहीतरी पुटपुटत, त्यांनी पेजेत तीन थेंब टाकले. सप्टेंबरात यात्रेहून आणलेलं आशीर्वादाचं तेल होतं ते. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. बूच लावून गळ्यापर्यंत भरलेली बाटली त्यांनी परत कनवटीला खोचली.

काकांनी पेज ढवळली, पण तोंडाला लावली नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत ते आवाज चढवून म्हणाले, "या घरात कोणीतरी माझं रक्त घट्ट करतंय. आणि ते कोण, मला ठाऊक आहे."

आत कोणाच्या तरी हातून कालथा पडला.

२. गोळ्यांचा डबा

कालथा पडला होता तो सुनेच्या, लविनाच्या हातून.

"ताई, आठवड्याच्या गोळ्या मी भरते ना," ती शनिवारी सकाळी हेमांगीला मागच्या पडवीत सांगत होती. डोळे लाल, पण हात कांदा चिरत होते, त्यामुळे रडणं कोणाच्या खात्यावर टाकायचं ते कळेना. "सात कप्पे, सात गोळ्या. पप्पा म्हणतात मी बदलते. कशाला बदलीन?"

"काका काय कारण सांगतात?"

"मी एकदा म्हटलं होतं की केळीच्या सोपांचा कचरा काढून कंबर मोडते, फ्लॅटमध्ये असतो तर बरं. झालं. पप्पांच्या डोक्यात बसलं की मला बाग विकायचीय. दोन वर्षं झाली त्याला! तेव्हा काही बोलले नाहीत, आकडा पडल्यावर आठवलं."

तिचा नवरा लेस्ली पायरीवर बसून मोबाइलवर टेम्पोवाल्याशी बोलत होता. फोन ठेवून म्हणाला, "उद्या रविवारी मिसानंतर टेम्पो येतोय. विरारला भाड्याने घर बघितलंय. माझ्या बायकोला विषारी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही."

"विषारी नाही म्हणाले रे," लविना म्हणाली. "घट्ट करणारी म्हणाले."

"एकच."

हेमांगीने डबा उघडून पाहिला. प्रत्येक कप्प्यात योग्य ती गोळी, योग्य त्या पाकिटातली. डब्याच्या झाकणावर लविनाने नेलपॉलिशने वार लिहिले होते. पण नीट भरलेला डबा काही सिद्ध करत नाही. बदलणारा हुशार असेल तर डबा नीटच दिसणार.

"जेवणात काही नवीन?"

"नवीन कसलं? हिरवं काही नाहीच! ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले पालेभाजीकडे लक्ष ठेवा. तेव्हापासून पालक नाही, मेथी नाही. कोथिंबीरसुद्धा मी फक्त लेस्लीच्या वाटीत घालते. चार वर्षं पप्पा पिवळं आणि तांबडं खातायत, ताई."

तेवढ्यात कुंपणापलीकडून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी अलगद पुढे आलं. धरणारा हात दिसत होता, माणूस नव्हता. लविनाला बघताच हात पुडक्यासकट मागे गेला.

३. कुंपणापलीकडचा हात

तो हात हरिश्चंद्रभाऊंचा होता. शेजारी, बागायतदार, काकांचे पहिलीपासूनचे दोस्त. आईबापांनी असं नाव ठेवल्यामुळे त्यांना खोटं बोलताना फार कष्ट पडत.

"पुडक्यात काय होतं, भाऊ?"

"पेपर."

"पेपरात?"

"बातम्या."

हेमांगीने नुसतं बघत राहायचं ठरवलं. अर्ध्या मिनिटात भाऊ फुटले.

"अळूवड्या. पण चारच! आमची द्वारका करते. रॉबर्ट काय म्हणतो माहीत आहे? म्हणतो, हऱ्या, मी वसईच्या मातीत जन्मलो आणि मरेपर्यंत भोपळा खाऊ? दर शनिवारी देतो. कधी माठ, कधी मेथी, कधी अळू." त्यांनी घाम पुसला. "माझ्यामुळेच झालं का गं? पालेभाजीत ते काहीतरी असतं ना?"

"के जीवनसत्त्व असतं. रक्त गोठवायच्या कामावरचा मुकादम समजा त्याला. काकांची गोळी त्या मुकादमाला अडवून धरते. बाहेरून आणखी मुकादम आणून सोडले की गोळी कमी पडते."

"म्हणजे मीच!" भाऊ मटकन बांधावर बसले. "बालपणीचा दोस्त मी अळूवडीने मारला."

"थांबा. कधीपासून देताय?"

"ऑपरेशनला महिना झाला तेव्हापासून. एक शनिवार चुकवला नाही."

हेमांगीने बांधावरच वही उघडली. चार वर्षांचे शनिवार, आणि चार वर्षांचे दोन-आठ.

"भाऊ, पालेभाजी बंद करा असं डॉक्टरांनी कधी सांगितलंच नव्हतं. प्रमाण सारखं ठेवा म्हणाले होते. आज टोपलीभर, उद्या शून्य, असं नको. तुम्ही घड्याळ लावल्यासारखं दर शनिवारी दिलंत आणि डॉक्टरांनी गोळीचा डोस त्या अळूवडीला धरूनच बसवला. न कळत."

भाऊंचा चेहरा उजळला. "म्हणजे मी उपचारच करत होतो!"

"तेवढं नका चढू. जानेवारीपासून काही वाढवलंत?"

"नाही. उलट द्वारकाचा गुडघा तेव्हापासून बरा आहे, तर ती जरा पातळ वड्या कापते आणि..."

"गुडघा बरा झाला? कशाने?"

"रोझलिनचं तेल! रोज थेंब घेते द्वारका. अगं, चमत्कार आहे. सप्टेंबरपासून निम्मी आळी घेते आणि बाटली तशीच भरलेली. गळ्यापर्यंत!"

 हेमांगीने वहीच्या डाव्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

४. एक थेंबही नाही

त्याच सकाळी रोझलिनकाकू कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. हेमांगी बाजूच्या दगडावर बसली.

"काकू, डॉक्टर विचारतात ना, काकांना दुसरं औषध काही चालू आहे का? तुम्ही काय सांगता?"

"नाही म्हणून. दुसरं औषध काहीच नाही त्यांना. लेस्लीच्या पप्पांना साधी काढ्याची गोष्टही सांगता येत नाही."

"आणि तुमचं? तुमची हाडं ठिसूळ झाल्यात म्हणाले होते ना डॉक्टर, दिवाळीच्या सुमारास?"

"शर्लीनं मस्कतहून आणलंय की. नाताळाला आली होती तेव्हा. हाडांचं टॉनिक, थेंबांचं. तिच्या ऑफिसातल्या सगळ्या बायका घेतात म्हणे. तीन राजांचा सण करून ती गेली आणि मी कपाटात ठेवून दिलं."

"घेत नाही?"

काकूंनी गळ्यातल्या क्रुसाला हात लावला. "देवाशपथ, एक थेंबही तोंडात घातला नाही. मला ती परदेशी औषधं सोसत नाहीत. पोरीला सांगू नको, तिला वाईट वाटेल."

रोझलिनकाकू खोटं बोलत नव्हत्या. सांडोरात देवाशपथ खाऊन खोटं बोलणारी बाई पुढच्या शनिवारी पापनिवेदनाच्या रांगेत दिसते आणि मग सगळ्या गावाला कळतं.

"यात्रेचं तेल मला द्याल दोन थेंब? स्कूटरवरून पाठ धरते."

काकू खुलल्या. कनवटीची बाटली काढून त्यांनी हेमांगीच्या तळव्यावर दोन थेंब टाकले. पाण्यासारखे पटकन ओघळले. हेमांगीने ते बोटाने पसरले, नाकाजवळ नेले, आणि बाटलीकडे बघितलं. मार्च महिना. बाटली गळ्यापर्यंत.

"काकू, किती पुरवून वापरता हो तुम्ही," ती म्हणाली आणि उठली.

५. डावी बाजू

त्या दुपारी जेवण झाल्यावर हेमांगीने वही पुढ्यात घेतली. तिच्या नवऱ्याने विचारलं, कोणाचा खून झालाय का. ती म्हणाली, होऊ घातलाय, आणि खुनी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो.

२४ डिसेंबर. आकडा २.८. डावीकडे: "गारठा. काकूंचं तेल थिजलं. मुठीत धरून ऊब देत बसल्या, तोवर काका माझ्यावर ओरडत."

७ जानेवारी. २.८. "मस्कतची मुलगी निघाली. रडारड. बॅगेत सुकट कोंबली."

२१ जानेवारी. २.१. "काही नाही. लविनाने चहा दिला."

४ फेब्रुवारी. १.८. "डिसेंबराहून कडक गारठा. बोटं सुन्न, शीर सापडेना. काकूंनी पेजेत थेंब टाकले, चटचट तीन."

१८ फेब्रुवारी. २.४. "राखेचा बुधवार. काकांच्या कपाळावर राख. काल विरारहून परतले, भाचीच्या लग्नाला दहा दिवस. काकू घरीच, कोंबड्यांसाठी."

४ मार्च. १.६.

हेमांगीने डिसेंबर आणि फेब्रुवारी पुन्हा वाचले. मग बोटांवर थेंब मोजले. मग लॅबला फोन करून सांगितलं की उद्या सुट्टी असली तरी ती एका घरी जाणार आहे.

६. मिसानंतर

रविवारी मिसाहून माणसं परतली तेव्हा टेम्पो दारात होता. गादी चढली होती, मिक्सर चढला होता, लविनाच्या लग्नातलं कपाट दोरीने बांधलं जात होतं. काका ओटीवर खुर्ची टाकून बागेकडे तोंड करून बसले होते. टेम्पोकडे बघायचं नाही असं ठरवल्यामुळे त्यांची मान आखडली होती. हरिश्चंद्रभाऊ कुंपणाला टेकून उभे, कारण ते नेहमीच तिथे असत.

"लेस्ली, दोरी दहा मिनिटं थांबव," हेमांगी ओटीवर चढत म्हणाली. "काका, तुम्ही विरारला गेलात तेव्हा गोळ्यांचा डबा कोणी भरला होता?"

"हिनेच. मोठा डबा."

"आणि तिथे आकडा वर गेला. लविना गोळ्या बदलत असती, तर तिच्याच हातच्या गोळ्या विरारला कशा लागू पडल्या? विष डब्यात असेल तर डब्याबरोबर विरारला जायला हवं. ते गेलं नाही. ते इथेच राहिलं."

 काकांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"मग अळूवडी," काकांच्या तोंडून निसटलं आणि त्यांनी जीभ चावली.

"कसली अळूवडी?" लविनाने विचारलं.

"ते चार वर्षांचं प्रकरण आहे, त्यावर नंतर भांडा. आकडा पडला जानेवारीत. जानेवारीत घरात नवीन काय आलं? रोझलिनकाकू, शर्लीनं दिलेलं टॉनिक आणा."

काकू चकित होऊन आत गेल्या आणि डबी घेऊन आल्या. ठसठशीत डबी, वर ऑलिव्हची हिरवी फांदी. हेमांगीने आतली बाटली उन्हात धरली. अर्धीअधिक रिकामी.

"म्हणजे हिने घेतलं!" काका खुर्चीतून उठले. "देवाशपथ खाऊन!"

"काकूंनी एक थेंबही घेतला नाही. त्या खरं बोलल्या. बसा." हेमांगी काकूंकडे वळली. तिचा आवाज आपोआप मऊ झाला. "काकू, यात्रेची बाटली अंगठ्याएवढी. फार तर अडीचशे थेंब. रोज सहा काकांना, वर आळीला. ऑक्टोबरच्या मध्यावर ती संपायला हवी होती. जगात जे रोज खर्च होतं ते भरलेलं राहत नाही. कोणीतरी भरतं."

"भरायचंच असतं," काकू साधेपणाने म्हणाल्या. "आशीर्वादाचं तेल संपू द्यायचं नसतं. तळाशी थोडं असतानाच वर चांगलं तेल घालायचं, मग ते सगळं आशीर्वादाचं होतं. माझी आवय असंच करायची."

"आधी खोबरेल घालत होतात ना?"

"हो, घरच्या नारळाचं. तुला कसं कळलं?"

"डिसेंबरात ते थिजलं होतं. फेब्रुवारीत त्याहून जास्त गारठा होता आणि थेंब चटचट पडले. बाटली तीच, तेल दुसरं."

काकूंनी डबीवरच्या फांदीवर बोट ठेवलं. "ऑलिव्हचं आहे बघ. चर्चमधलं पवित्र तेल ऑलिव्हचंच असतं. म्हटलं, मी काही हे औषध घेणार नाही, पोरीचे पैसे वाया कशाला. खोबरेलापेक्षा ऑलिव्ह देवाला जवळचं."

"तेल ऑलिव्हचंच आहे, काकू. पण त्यात डी आणि के ही दोन जीवनसत्त्वं विरघळवलेली आहेत. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तुमच्या हाडांना कदाचित त्याचा उपयोग झाला असता. काकांच्या गोळीचं मात्र ते सरळ वैरी. याचा एक थेंब म्हणजे काही साधी अळूवडी नव्हे, आणि हे शनिवारी नाही, रोज, दोन वेळा."

काकू खाली पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावला. "म्हणजे मीच? दोन महिने? मी त्यांच्या काळजासाठी..."

आता काका काय बोलतात याकडे टेम्पोवाल्यासकट सगळ्यांचे कान लागले. काकांनी बायकोकडे बघितलं. मग बाटलीकडे.

"रोझलिन," ते म्हणाले, "छत्तीस वर्षं मी व्हॉल्व्ह बनवले. व्हॉल्व्हला तेल द्यायला कोणी सांगितलं तुला?"

काकू हुंदक्याच्या मध्येच हसल्या आणि त्यांना ठसका लागला.

हेमांगीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं: डोस वाढवू नका. थेंब आजपासून बंद, बुधवारी आणि पुन्हा शनिवारी रक्त तपासा. डोस वाढवला असता आणि महिन्याभरात ती बाटली संपली असती, तर रक्त इतकं पातळ झालं असतं की दाढी करतानाही भारी पडलं असतं. आकडा चढेल तसा हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग दिसले, तर थांबायचं नाही, फोन करायचा. आणि घरात येणारं प्रत्येक टॉनिक, परदेशी असो की देवळातलं, आधी त्यांना दाखवायचं.

"मग आमच्या द्वारकाचं काय?" कुंपणावरून आवाज आला. "तिचा गुडघा बरा झालाय हो!"

"त्या रक्त पातळ करायची गोळी घेतात?"

"छे!"

"मग बहुधा नुकसान नाही. पण तपासणी करून, डॉक्टरांना विचारून, मोजून घ्यायला सांगा. चमत्कार म्हणून नको."

"मोजून घेतलं तर गुण येईल का गं तेवढा?" भाऊ चिंतेत पडले.

काकूंनी बाटली डबीशेजारी ठेवली. मग विचार करून एक थेंब बोटावर घेतला आणि नवऱ्याच्या कपाळावर क्रूस काढला. "बाहेरून चालेल ना, हेमांगी?"

"बाहेरून किती वेळाही."

लविना अजून टेम्पोच्या फाळक्याशी उभी होती. तिला कोणी काही म्हटलं नव्हतं. रॉबर्टकाका ओटीवरून उतरले, टेम्पोपाशी गेले, आणि मिक्सर काखोटीला मारून, कोणाकडे न बघता, आत निघाले. लेस्ली "पप्पा, जड आहे" म्हणाला, ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ओट्यावर मिक्सर ठेवल्याचा धप्प आवाज आला. वायर प्लगात घातल्याचाही.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात गोळ्यांचा डबा होता. झाकणावर नेलपॉलिशने लिहिलेले सात वार. चार वर्षं रोज बघितलेला तो डबा त्यांनी सुनेपुढे धरला आणि घसा खाकरला.

"आज रविवार ना?" ते म्हणाले. "मग यातली कुठली घ्यायची गं?"

लविनाने रविवारचा कप्पा उघडला.

"ही," ती म्हणाली. "आणि पप्पा, अळूवडी शनिवारी माझ्या हातची. कुंपणावरून नाही."